साबण लावलेला गज

मी खाली सही करणारी, वय चोवीस, इतिहासाची पदवीधर, आमच्या घरातली पहिलीच. पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहिते आहे. कोणी भरीस घातलेले नाही. सोमवारी फुफ्फुसाची शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत.

१. माझी पुस्तके शाळेच्या वाचनालयाला द्यावीत. पदवीचा कागद माझ्या वडिलांना, अप्पांना. तो भिंतीवर मात्र लावू नये. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसतील आणि रडतील.

२. माझा कंगवा मामांना द्यावा. अप्पा मूकपटांतले नट. त्यांच्या नऊ चित्रपटांची रिळे मामांनी वितळवून कंगवे करायला कारखान्याला देऊन टाकली. जाब विचारला तर म्हणाले, "अगं, मुक्याची रिळं ती! तक्रार कोण करणार?" मी त्यांना क्षमा केलेली नाही. मरणाच्या दारात करतात म्हणे. मला जमले नाही.

३. उरलेले एक रीळ, अप्पांचे व्हायोलिन आणि मी लिहिलेली स्वरांची सोळा पाने व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना द्यावीत. या रिळात अप्पा स्वतः रचलेली धून वाजवतात. आवाजाने कॅमेरावाल्याचे लक्ष उडते म्हणून गजाला साबण फासून तो मुका केला होता. त्यामुळे ती धून त्या दिवशीही कोणी ऐकली नाही. थिएटरात पडद्याशेजारचा पेटीवाला भलतेच काही वाजवी. पुढे बोलपट आले, अप्पांचा आवाज चिरका निघाला, काम सुटले. आता त्यांची बोटे थरथरतात आणि धून आठवत नाही.

दोन वर्षे मी भिंगातून एकेक चौकट पाहिली. बोट कुठे टेकले, गज कोणत्या तारेवर आहे, त्यावरून स्वर लिहिले.

४. हे कलम अप्पांना वाचून दाखवू नये.

पहिली अकरा पाने त्यांची आहेत. पुढची फिल्म चिकटून गेली आहे, काही दिसत नाही. शेवटची पाच पाने मी मनाने रचली. गेल्या महिन्यात बाईंनी सगळी वाजवली, तेव्हा अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. "हीच गं पोरी! शेवट असाच होता!" मी गप्प बसले. पुराव्याशिवाय एक ओळ लिहू नये, असे वर्गात तावातावाने भांडणारी मी.

बाई, माझ्यामागे अप्पांजवळ दुसरे काहीच उरणार नाही. ते आहेत तोवर सोळाही पाने वाजवत जा. त्यांच्यानंतर शेवटची पाच फाडावीत आणि अकराव्या पानाशी थांबावे, धून अर्धी राहिली तरी.

सगळा मजकूर माझ्याच अक्षरात आहे. खाडाखोड नाही.

(सही)

साक्षीदार, दोघींनी मला सही करताना पाहिले:
१. वॉर्डातली परिचारिका (सही)
२. शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली (अंगठा)

स्थळ: दवाखाना, वॉर्ड तिसरा
शनिवार, १५ मार्च १९५८