गोटीराम घड्याळजींच्या एकतीस डब्या

१ नोव्हेंबर १९९८, सकाळी ६.४२
व्हीआरएस घेतली ती याचसाठी. बाबांचं, म्हणजे मेनरोडवरच्या गोटीराम घड्याळजींचं, समग्र संशोधन! ट्रंकेत दुरुस्तीच्या सात वह्या आणि लोकांनी नेलीच नाहीत अशी घड्याळं. एकतीस डब्या, प्रत्येकीत घड्याळाखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी. सगळ्यात देखणं घड्याळ बाबांचंच असणार. मनगटावर चढवलं. उद्यापासून रोज पहाटे दोन तास.

१९ नोव्हेंबर, ६.४२ (ऊन मात्र बरंच)
मध्यंतरी सर्दी. आज पद्धतशीर सुरुवात. चिठ्ठ्या काढून अकारविल्हे फायलीत लावल्या, घड्याळं एका ट्रेमध्ये. फारच सुटसुटीत. आई म्हणाली, चिठ्ठ्या हलवू नको रे, कुणाचं कुठलं ते कळायचं नाही. तिला अर्काइव्ह म्हणजे काय ते समजावलं. चिठ्ठ्या एकतीस, घड्याळं तीस. बाबा विसराळूच.

१० जानेवारी १९९९
वह्या वाचायच्या राहिल्या. अक्षर फार बारीक. सव्वीसला सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन, म्हणून सराफ बाजारातून घड्याळांची झाकणं आतबाहेर पॉलिश करून आणली. आत कुणीतरी सुईने आकडे ओरबाडले होते, तेही गेले. उज्ज्वला म्हणाली, मनगटावरचंही द्यायचं होतं. म्हटलं, बायको झालीस तरी वारशाला हात लावायचा नाही.

२६ जानेवारी, ६.४२ (सायंकाळ असावी)
प्रदर्शन यशस्वी. माणसं नऊ, चहा चौदा.
सिन्नरहून भागीबाई आल्या. सुनेने पेपरात वाचलं म्हणे. नवरा कारभारी घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला आणि त्याच महिन्यात वारला. नंतर आल्या तर दुकान बंद. फायलीतून चिठ्ठी दोन मिनिटांत काढून दाखवली! घड्याळासाठी ट्रे पुढे केला, कुठलंही घ्या म्हटलं. बाईंना मोतीबिंदू. म्हणाल्या, दुसरं नको भाऊ, त्यांच्या हातावर व्हतं तेच द्या, तेवढीच आठवण हाय.
आई म्हणाली, सोपं आहे, तुझे बाबा वहीतला नंबर झाकणाच्या आत सुईने कोरायचे. मी चहाचे कप मोजायला लागलो. पॉलिशचं उज्ज्वलाने सांगून टाकलं.

२७ जानेवारी
आईने वही काढली. कारभारी, सिन्नर : ४१२. तीस झाकणं उघडली, तीसही लख्ख. मग तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. म्हटलं, हे बाबांचं. ती म्हणाली, त्यांनी जन्मात घड्याळ घातलं नाही. दिवसभर लोकांचीच पाहायचे.
उघडलं. ४१२.
घड्याळ आणि चिठ्ठी घेऊन एसटीने सिन्नरला गेलो. भागीबाईंनी घड्याळ कानाला लावलं, मग किल्ली दिली. लगेच चालू झालं. बाबांनी दुरुस्त करूनच ठेवलं होतं, मी तीन महिन्यांत एकदाही किल्ली दिली नव्हती. बाई रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.
घरी येऊन मोजलं. फायलीत चिठ्ठ्या तीस, ट्रेमध्ये घड्याळं तीस. आकडा एकदाचा जुळला. कुणाचं कुठलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.