काकींचं पुसलेलं उत्तर

आये, तू गेलीस तेव्हा माझ्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे मी हल्ली काय काम करतो हे तुला समजावायलाच अर्धा तास जाईल. थोडक्यात सांगतो. ज्या लहान पोरांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचावं लागतं, त्यांच्या आईबापांचा मोबाइलवर एक मोठा गट आहे. कुणी घाबरून काही विचारतं आणि दुसरी एखादी अनुभवी आई उत्तर देते. या बायका फुकट राबतात, स्वतःच्या पोरांची दुखणी काढून शिकलेल्या. आम्ही चार-पाच जण बेलापूरच्या ऑफिसात बसून पगार घेतो आणि त्यांच्यावर देखरेख करतो. देखरेख म्हटल्यावर तू कशी फिस्सकन हसली असतीस, ते मला ऐकू येतंय.

गेल्या महिन्यात एका आईनं लिहिलं, पोरगी थरथरतेय, घाम सुटलाय, काय करू? कळंबोलीच्या एक काकी आहेत, गटातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी लगेच लिहिलं, शुद्धीवर आहे ना, मग घाबरू नका, आधी साखरेचं पाणी पाजा आणि डॉक्टरांना फोन लावा. अगदी बरोबर उत्तर. पण उपचाराचं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ठेवायचं नाही असा आमचा नियम, म्हणून ऑफिसातून ते पुसलं गेलं. त्या आईनं ते आधीच वाचलं होतं, पोरगी सुखरूप आहे. काकी मात्र भडकल्या. "आमी काय तुमचं नोकर हाय व्हय? पोरीचं काय झालं असतं तर तुमचा नियम आला असता का धावून?" त्या दिवसापासून अकरा जणींनी उत्तरं देणं बंद केलंय. प्रश्न येतात आणि तसेच पडून राहतात. काल एका बापानं एकच प्रश्न तीनदा विचारला. मला जेवण गोड लागत नाही.

साहेब म्हणाले, हे प्रकरण तुम्ही मिटवा. तेव्हा मला ताईची हळद आठवली. मी नुकता नोकरीला लागलेलो, अंगात मस्ती, भाकऱ्यांना बाहेरून आचारी लावलेला. तळवलीतल्या आपल्या आळीतल्या बायका नेहमीसारख्या पदर खोचून भाकऱ्या थापायला आल्या आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "काकी, तुम्ही बसा आरामात, माणसं लावलीत." एकही बसली नाही. हात धुतले आणि सगळ्या आपापल्या घरी. मला वाटलं, आता तू चारचौघांत कानाखाली देणार. तू आधी त्या आचाऱ्याला चहा दिलास, "तुजा काय दोस नाय," म्हणालीस, आणि मला दंडाला धरून सात घरं फिरवलंस. प्रत्येक दारात उभी राहून तू म्हणतेस, "उकड जमत नाय गो, तू चल." उकड तर झकास जमली होती! पण सगळ्या आल्या. आचाऱ्यानं चूल सांभाळली, बायकांनी भाकऱ्या थापल्या.

म्हणून मीही काकींना फोन केला. म्हणालो, "काकी, नियमच चुकलाय, नव्यानं लिहायचाय, तुमच्याशिवाय जमत नाही." काकी विरघळल्या. "येते की. पन ज्यानं कुनी पुसलं, त्यानं आधी सगळ्यांम्होरं चुकलं म्हनायचं."

आमच्या ऑफिसात एक बाई आहे, नावड्याहून येते. माझ्याच वयाची आहे, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच नोकरीला लागली, अजून पक्की झालेली नाही. त्या दिवशी कामाच्या तक्त्यावर तिचं नाव होतं. "माझ्याच हातून गेलं असेल, सर," ती म्हणाली, "मला आठवतच नाय."

आये, तिला आठवणार कसं? ती जेवायला गेली होती. तिच्या खुर्चीत मी बसलो होतो. उपचाराचं काहीतरी दिसलं, पुढचं वाचलंही नाही आणि पुसलं. साहेबांनी तक्ता बघितला, तेव्हा मी गप्प बसलो. आणि तुझी सात घरं आठवतानाही एक गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो. उकडीचं सांगण्याआधी दर दारात तू माझ्याकडे बोट करून म्हणत होतीस, "माज्या पोराचं चुकलं." सात वेळा. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

उद्या सकाळी सगळ्या जणी मोबाइलवर जमणार आहेत. ती माफी मागेल, काकी मोठ्या मनानं माफ करतील, गट पुन्हा बोलायला लागेल आणि साहेब माझी पाठ थोपटतील. तिच्या नोकरीचं काय होईल ते मी विचारलेलं नाही. हे पत्र तुला पोचणार नाही म्हणूनच एवढं लिहितोय, नाहीतर तुझ्यासमोर माझी जीभ उचलली नसती.

सगळ्यांसमोर काय बोलावं तिला सुचेना, म्हणून तिची माफी मीच लिहून दिली. एका बैठकीत लिहून झाली, कुठं अडलो नाही. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. "एवढं मनापासून तुमाला कसं सुचलं, सर?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नोकरीत शिकतो माणूस.