गेलेल्यांचं वायफाय

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे. वृद्धाश्रमात कॉम्प्युटर आणि वायफाय सांभाळायची नोकरी, तळमजल्यावर ऐसपैस खोली आणि आईला सोबत ठेवायची मुभा. आणखी काय हवं? आधीचा घरमालक तर आईच्या खोकल्यालाही नाक मुरडायचा. इथे सगळी तिच्याच वयाची. दुपारपर्यंत तिने दोन मैत्रिणी केल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवरून एकीशी वैरही जोडलं.

यंत्राशिवाय आईला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कानातलं ते यंत्र फोनला जोडलेलं असतं. त्यातून माझ्या शिव्या तिला स्पष्ट ऐकू येतात आणि तिच्या मला फुकट मिळतात.

मंगळवार, ५ मार्च

इमारत पालथी घातली. प्रत्येक मजल्यावर छताला एक पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट. सगळ्यांच्या फोनला वायफाय मिळतं ते त्यातून. कोणाचा फोन जोडला आहे ते मला पडद्यावर दिसतं. आणि काय दिसावं? माणसांपेक्षा फोन जास्त.

स्वयंपाकीणबाईंना जास्तीच्या नावांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, मास्तर, कप्तान, शिंपीणकाकू ही सगळी गेलेली माणसं. खाट दुसऱ्याला देतात, कपडे वाटून टाकतात, फोन मुलं घेऊन जातात, पण वायफायमधलं नाव काढायचं नाही अशी इथली रीत. व्यवस्थापिकाबाईही म्हणाल्या, राहू द्या, त्यांना सवय आहे. आळसाला सवय म्हणायची ही पद्धत मला फार आवडली.

बुधवार, ६ मार्च

सगळी गेलेली नावं उडवली आणि पासवर्ड बदलला. मग खोलीखोलीत जाऊन प्रत्येकाच्या फोनवर नवा पासवर्ड टाकून दिला. एका आजोबांना तो फारच अवघड वाटला. त्यांच्या मते पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव, दुसरं काय असणार. व्हिडिओ कॉलवर नातवंडं आता अडखळत बोलत नाहीत, म्हणून सगळे खूश. मीही कॉलर ताठ करून फिरले.

शुक्रवार, ८ मार्च

जेवताना आई म्हणाली, मास्तर कुरकुर करताहेत, त्यांना कोणी आत घेत नाही. कोण मास्तर, म्हणून विचारलं. यंत्रात बोलतात ते, म्हणाली. फार सभ्य आहेत म्हणे, आधी तब्येत विचारतात.

मी तिच्यापाशी मास्तरांचं नाव काढलेलं नव्हतं. पडद्यावर पाहिलं. गेलेल्यांपैकी कोणी नाही, पण आईच्या एकट्या फोनवरून अख्ख्या मजल्याइतकी डेटाची ये-जा चालली होती. आणि फोन उशाशी तसाच पडलेला, कोणी हात न लावलेला.

शनिवार, ९ मार्च

आईला आता यंत्र लावूनही माझं बोलणं ऐकू येत नाही. यंत्र काढून खिशात घातलं, तरी ती मान डोलावत त्यांना हो, हो म्हणत होती. मी समोर बसून ओरडत होते. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

व्यवस्थापिकाबाईंनी शेवटी तोंड उघडलं. पूर्वीही कोणी तरी नावं काढली होती. बाहेर पडलेले मग शिंपीणकाकूंच्या कानाला लागले. नावं परत जोडली तेव्हा ते आत आले, पण काकूंना सोबत घेऊन. आता लवकर जोडा, नाही तर ते आणखी कोणाकोणाला धरतील, असं बाई म्हणाल्या. म्हणजे एकट्या तुमच्या आईवर भागेल, हेही त्याच म्हणाल्या.

माझी आई म्हणजे काय धर्मशाळा आहे? मी स्पष्ट सांगितलं, जोडणार नाही. नावं मी काढली, तर भांडण माझ्याशी.

रविवार, १० मार्च, दुपार

शिडी लावली. आमच्या मजल्यावरच्या डब्याची वायर उपटली. तरी त्यावरचा दिवा हिरवाच.

डबा छतावरून काढला. हातात धरला, तरी हिरवाच. बादलीत बुडवला. तरीही—

खोलीत आले तर आई चपला घालून, पिशवी भरून उभी. कप्तान बोलावताहेत म्हणाली. तिचा हात गार. माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं, आणि जरा सरका, म्हणाली. मला. पोटच्या मुलीला.

दाराला पाठ लावून बसले आहे. नाही सरकत.

सोमवार, सकाळ

ती अजून उभीच आहे. पाय सुजलेत. ओठ निळे पडताहेत.

सुचलं. त्यांना आत यायला वाट हवी. बरं. माझ्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं. पासवर्ड काढून टाकला. दार सताड उघडं. मोठ्याने सांगितलं, या, सगळे इकडे या. म्हातारीला काय छळता, धडधाकट बाई आहे इथे. घ्या मला, जमतं का बघू—

फोन थरथरला. मास्तर जोडले गेले. मग कप्तान. मग काकू. एकेक—

आई मटकन खाली बसली. तिचा हात कोमट होतोय. खिशातलं यंत्र तिच्या कानात घातलं, हाक मारली, तिने वळून बघितलं. ऐकू आलं तिला. माझं ऐकू आलं.

जिंकले.

फार जण आहेत. सगळे एकदम बोलतात. तब्येत विचारतात. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली, पंखा थांबला, नाही, फिरतोय, आवाज तेवढा—

मी जायची नाही. ओरडा हवं तेवढं. चाळीस वर्षं या बाईचं ऐकत आले, तुमचं काय ऐकणार.

आई माझे खांदे धरून हलवतेय. ओठ हलताहेत. रडतेय. मला तिचं काहीच— मी ओठ वाचतेय. माझं नाव. मग काही तरी. परत माझं नाव. मग, नको, मग—