गॅसची की बॅटरीची

मिरजोळे, रत्नागिरी
२२ ऑगस्ट

प्रिय राजेंद्र,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि तरीही पाकीट उघडलंस याबद्दल आभार. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. ते बरंच झालं. फोनवर मी पावसाचं, भाताचं काहीतरी बोललो असतो आणि ठेवून दिला असता. सात वर्षं तेच करत आलोय. लिहायला बसलं की निदान पळता येत नाही.

आधी बातमी सांगतो. आपल्या कारखान्यात परवा बॅटरीची फोर्कलिफ्ट आली. तीन टनी. आवाज म्हणशील तर नाहीच. मागून आली तर कळायचं नाही, म्हणून तिच्या डोक्यावर एक निळा दिवा आहे, त्याचा ठिपका पुढे जमिनीवर पडतो. लेथवरच्या लवूने पहिल्या दिवशी तिच्या कानाशी जावं तसं वाकून विचारलं, "बाय माझे, चालू हायस की बंद?" सगळे हसले. ही गाडी आली ती तुझ्या लेकीमुळे, स्नेहलमुळे. ती तुला असं सांगणार नाही. विचारलंस तर म्हणेल, सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हणून मी लिहितोय. मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि निम्म्या वेळा तिच्या विरुद्ध बाजूला उभा राहून पाहिलंय.

मोठे शेठ गेले हे तुला कळलंच असेल. तीन वर्षं झाली. आता त्यांची मुलगी भार्गवी सगळं बघते. काम तेच, नौकांची इंजिनं. मासेमारीची बंदी लागली की मिरकरवाड्याच्या नौका वर ओढतात आणि त्यांची इंजिनं आपल्याकडे येतात. जून-जुलैत आत पाय ठेवायला जागा नसते. नेमका तेव्हाच पाऊस. पश्चिमेचा झोत थेट लेथवर येतो, म्हणून तिन्ही शटर खाली आणि वरच्या खिडक्यांना प्लास्टिक. त्या बंद डब्यात आपली गॅसवरची जुनी फोर्कलिफ्ट दिवसभर फिरते. तू हे सगळं जाणतोस, पण पुढचं कळायला ते डोळ्यांसमोर असायला हवं.

गाडी म्हातारी झाली होती. मे महिन्यात भार्गवीने मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "श्रीपतीकाका, नवी घ्यायची. गॅसची घेऊ की बॅटरीची? चालवता तुम्ही, तुम्ही सांगा." राजेंद्र, इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. छाती फुगली. मी जागच्या जागी सांगून टाकलं, गॅसची. सिलिंडर संपला तर दोन मिनिटांत दुसरा लावा, पुढे चला. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, मग बॅटरीची गाडी काय पुजायची? आणि डिझेलसारखा धूर तरी कुठे आहे गॅसला? दारात उभी असलेली स्नेहल म्हणाली, "काका, धूर दिसत नाही एवढंच." मी तिला म्हटलं, तू वायरी बघ.

ही पोर चौदा महिन्यांपूर्वी आपल्याकडे लागली. डिप्लोमा झालेली, विजेचं सगळं तिच्याकडे. पहिल्या दिवशी सरळ माझ्यापाशी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी राजेंद्र जाधवांची मुलगी. बाबा म्हणाले, श्रीपतीकाकांकडून गाडी शिकून घे, त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात नाही." मी खाली बघून नटबोल्ट मोजत राहिलो. तू असं म्हणालास? माझ्याबद्दल? त्या दिवशी मी जेवलो नाही.

गाडी शिकवली तिला. पण ऐकून घेणारी नाही ती. जून लागला तशी एक वही घेऊन बसली. गाडी किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, वीज कधी गेली, कधी आली. महिनाभर. मला वाटे, पोरगी उगाच शाई घालवते. महिना संपल्यावर तिने वही भार्गवीसमोर ठेवली. आम्हाला वाटायचं गाडी दिवसभर चालते. ती हलायची दिवसाला साडेतीन तास. बाकी वेळ नुसतीच उभी, आणि तीसुद्धा पुष्कळदा इंजिन चालूच ठेवून, कारण बंद करून पुन्हा सुरू करायचा मला कंटाळा. कामाच्या वेळात वीज गेली ती एका दिवसात जास्तीत जास्त पाच तास. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी भरलेली बॅटरी सहज पुरते. माझा सगळ्यात भारी मुद्दा तिने पेन्सिलीने खोडून टाकला, तोही आवाज न चढवता.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, कागदावर सगळं पुरतं.

मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आपल्या कॉलेजच्या सरांकडून एक मीटर मागून आणलं. मुठीत मावेल एवढं. गॅस जळताना एक विषारी वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, तो हवेत किती आहे ते हे मीटर दाखवतं. आकडा पस्तीसच्या वर गेला की ओरडतं. भार्गवीच्या परवानगीने तिने ते लेथशेजारच्या खांबाला टांगलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही रोजच्यासारखं काम करा." सकाळी शून्य होतं. बाहेर धो धो, शटर खाली. मी दोन नौकांची इंजिनं हलवायला घेतली. पाऊण तासात मीटर ओरडायला लागलं. स्नेहल म्हणाली, थांबवा. मी म्हटलं, ओरडू दे, एवढं इंजिन ठेवतो. ते ठेवेपर्यंत आकडा एकशे वीसवर गेला. ती धावत आली, हात घालून किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "शटर उचला! बाहेर चला!" बावीस वर्षांची मुलगी, आणि आम्ही अठरा बाप्ये मुकाट बाहेर.

पागोळ्यांखाली उभे होतो सगळे. लवूने कपाळ दाबत विचारलं, "माझां डोकां रोज दुपारी फुटता, ता ह्याच्यान?" मग दुसरा म्हणाला, माझंही. तिसरा म्हणाला, मला मळमळतं, मी पित्ताच्या गोळ्या खातो. मी चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतला होता. अठरा माणसांचं डोकं दुखत होतं, आणि प्रत्येकाला ते आपापल्या घरचं दुखणं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भार्गवीने सगळ्यांसमोर मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, बॅटरीची. मी चुकलो होतो. आता जुनी गॅसची दुरुस्त करून फक्त बाहेर अंगणात ट्रकमधला माल उतरवायला ठेवलीय. शटरपाशी जमिनीवर पिवळा पट्टा मारलाय, त्याच्या आत तिने यायचं नाही. चार्जिंगची जागा स्नेहलने मागच्या कोरड्या कोपऱ्यात केली, वर पंखा, आणि दाराला जाळी, म्हणजे हवा खेळती राहते.

परवा गाडी आली तेव्हा भार्गवी म्हणाली, पहिल्यांदा कोण चालवणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी किल्ली स्नेहलच्या हातात दिली. सहा सिलिंडरचं इंजिन तिने लाकडी पाटावरून उचललं, दोन खांबांमधून मागे घेतलं आणि चाचणीच्या कट्ट्यावर असं टेकवलं की वरचा पान्नासुद्धा हलला नाही. मागे बघताना डावा हात सीटच्या पाठीवर, मान पूर्ण वळवलेली. हे मी तिला शिकवलेलं नाही. ही तुझी ढब आहे. लेक तुझी आहे, राजेंद्र, अभिमानाचा पहिला हक्क तुझा. पण माझीही छाती त्या दिवशी एवढी भरून आली, की मे महिन्यातली ती फुगलेली छाती आठवून लाज वाटली.

मीटर टांगलं त्या संध्याकाळी मी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे तू बाबांसाठी केलंस ना?" ती म्हणाली, "नाही काका. लवूमामांचं डोकं दुखतं म्हणून केलं. बाबांचं मला आधीपासून माहीत होतं. त्यासाठी मीटर कशाला हवं?"

तिला माहीत होतं. आणि मलाही माहीत होतं. हेच लिहायला बसलोय, आणि इतका वेळ त्याच्याभोवती फिरतोय. सात वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत तुझी गाडी खांबाला धडकली, इंजिन पडून फुटलं, आणि तू सांगत होतास की डोकं गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मोठ्या शेठनी मला विचारलं, "श्रीपती, तू शेजारी होतास. हा प्यायलेला होता का?" अर्ध्या तासापूर्वी आपण एकाच किटलीतला चहा प्यायलो होतो. तू कधी थेंबालाही शिवला नाहीस हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझंही डोकं तेव्हा ठणकत होतं. तरी मी म्हटलं, "मला नाही सांगता यायचं." तेवढं पुरलं. तुझ्याबद्दल ते सगळ्यांना लगेच खरं वाटलं, माझ्याबद्दल वाटलं नसतं, आणि का, ते जातीचं नाव न घेताही तुला कळतं, मलाही. तुला कामावरून काढलं, आणि सोमवारी तुझी सीट मला मिळाली. ज्या दिवशी मी 'बॅटरीची' म्हटलं, त्याच दिवशी, त्याच सगळ्या माणसांसमोर हे सगळं सांगितलं. स्नेहल तिथेच होती. खाली बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भार्गवीने तुझी जुनी फाइल काढली, दारूचा शेरा खोडला आणि खाली खरं कारण लिहून सही केली. त्याची प्रत स्नेहल पोस्टाने पाठवायची म्हणत होती. मी म्हटलं, मी घेऊन जातो. रविवारी सकाळच्या एसटीने संगमेश्वरला येतोय. घरात घे म्हणून सांगायचा मला हक्क नाही. पण तुझ्या तोंडावर, तुझ्या अंगणात उभं राहून, जे तेव्हा बोललो नाही ते एकदा बोलायचंय. मग तू जा म्हणालास तर दुपारच्या गाडीने परत फिरेन.

तू मानलंस तर अजूनही तुझाच,
श्रीपती