देझिरेला खांदा कोणी दिला

बेझांसाँ, १४ मार्च १९८५

आदरणीय एर्मांसताई,

सोलांजचा नमस्कार. तुमचं कमरेचं हाड कितपत सांधलं? दिजोंच्या त्या वृद्धाश्रमात जेवण बरं देतात का, आणि सूप अजून कोमटच येतं का? माझी तब्येत ठीक आहे. झोप लागते. तुम्ही नव्या वर्षाला पाठवलेला आलुबुखारचा मुरंबा अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. देझिरे असता तर राहिला नसता.

तुमच्या पत्रात एकच प्रश्न आहे आणि त्याखाली दोन रेघा आहेत: देझिरेला खांदा कोणी दिला? खरं लिही, माझं मन राखू नकोस. म्हणून सगळं खरं लिहिते. मला लिहिण्याची सवय नाही (चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यात नद्यांची नावं सोडून काही लिहावं लागत नाही), तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी देझिरेशी लग्न होऊन गावात आले त्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, की इथे माणूस गेला की दूधसंघाचे सहा सभासद त्याला चर्चपासून खांद्यावरून नेतात. दुधात पाणी घालणाऱ्याला मात्र खांदा मिळत नाही, तो भाड्याच्या गाडीतून जातो. (मी शहरातली, म्हणून बहुधा ताकीद दिली असावी.) देझिरेने दुधात कधी पाणी घातलं नाही. त्याने ते चीजच्या तळघरात घातलं, आणि फार घातलं.

चर्चमध्ये पॅरिसहून आलेल्या एका प्राध्यापकांनी त्याच्या आयुष्यावर चौदा पानं वाचली. बाहेर बर्फ, आत त्याहून थंडी. त्यांनी सांगितलं, की चीज करणाऱ्याचा हा मुलगा नवव्या वर्षी उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत बसला आणि तिथेच त्याला आपला विषय सापडला. (तेव्हा त्याने दूध चुलीवरून उतरवलं नाही म्हणून तुम्ही धाकट्या भावाला चापट मारली होती, हे त्या चौदा पानांत नव्हतं.) मग शिष्यवृत्ती, पॅरिस, प्रबंध, आणि सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्राला स्वतःची चूक कळावी आणि ती त्यानेच सुधारावी याचं गणित. या शास्त्रात तो फ्रान्समधल्या पहिल्या काही माणसांपैकी होता. घरात मात्र उलटा घातलेला स्वेटर त्याला संध्याकाळपर्यंत कळत नसे. त्याचं चारशे पानांचं पुस्तक मी टाइप केलं. त्यात ‘अस्थिर’ हा शब्द तीनशे बारा वेळा आहे. पुस्तक अकरा जणांनी वाचलं आणि दोघांनी पत्रं लिहिली, त्यातलं एक रागाचं होतं.

प्राध्यापक पुढे म्हणाले, की देझिरेचे सिद्धांत प्रत्यक्षात कधीच खोटे ठरले नाहीत. ताई, अख्खं चर्च एकदम खोकलं. मला वाटलं जमीन दुभंगावी.

कारण १९६३चं कोणीच विसरलेलं नव्हतं. दूधसंघाच्या तळघराचा कारभारी फेर्जो चीजच्या चाकावर छोट्या हातोडीने टकटक करून, कान लावून, आत पोकळी आहे का ते ओळखतो, तसं देझिरेने तिथे बसवलेलं यंत्रही ओळखायचं. आवाज पोकळ आला तर नळ उघडायचा आणि हवा ओलसर करायची, भरीव आला तर बंद करायचा. चार महिने छान चाललं. रोजच्या दुपारच्या घंटेला त्याचा कान आपोआप बंद व्हावा म्हणून घड्याळही बसवलं होतं. पण पंधरा ऑगस्टला मेरीमातेच्या सणाची मिरवणूक निघाली आणि चर्चच्या तिन्ही घंटा चाळीस मिनिटं वाजल्या. यंत्राला वाटलं सगळं गावच पोकळ आहे. त्याने नळ उघडला, तो उघडाच अडकला. एकशे त्रेचाळीस चाकं फुगून सडली आणि डुकरांच्या पुढ्यात गेली. (डुकरांनीही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं.) देझिरे ब्रसेल्सच्या परिषदेत होता. तो परत आला, संघासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “चूक माझी. हिशेबात सण धरायचा राहिला.” चीजचं नुकसान गावाने एक वेळ माफ केलं असतं, पण गावात जन्मलेला पोरगा पंधरा ऑगस्ट विसरला हे नाही. गोष्ट पॅरिसपर्यंत गेली. तिथली त्याची जागा दुसऱ्याला मिळाली आणि तो इथे बेझांसाँत शिकवत राहिला. तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर तो गावात गेला तो आत्ताच.

म्हणून मी कोणाला विचारलंच नाही. इथूनच गाडी ठरवली, चालक आणि एक मदतनीस. चर्चमधून निघालो तर दूधसंघाच्या दारात सगळे सभासद हात खिशात घालून उभे. कोणी टोपी काढली, कोणी नाही. गाडी दफनभूमीच्या चढाला लागली आणि अर्ध्यावर बर्फात रुतली. चालकाने जोर लावला तशी चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करू लागली. तो अजून जोर लावी, खड्डा अजून खोल होई. मला वाटलं, देझिरे असता तर आता खाली उतरून त्याला समीकरण समजावलं असतं.

तेवढ्यात फेर्जो रस्ता ओलांडून आला. पंचाहत्तरीचा आहे आता, पण चालणं तसंच, कोणाशी भांडायला निघाल्यासारखं. चालकाला म्हणाला, “बंद कर बाबा. तुझी गाडी चुकीतून शिकणारी नाही.” मग त्याने मागचं दार उघडलं, खिशातून ती हातोडी काढली आणि शवपेटीवर तीनदा टकटक केली. कान लावला. मग तो मागे वळून म्हणाला, “भरीव आहे. उचला.”

सहा जण आले, ताई. सहाही संघाचे. पुढे डाव्या बाजूला फेर्जो स्वतः होता, इतरांपेक्षा वीतभर बुटका, त्यामुळे पेटी वरपर्यंत जरा तिरकी गेली. तुमच्या वडिलांच्या शेजारी जागा मिळाली. दोन रेघांचं उत्तर हे.

नंतर सॉसेज आणि वाइन झाल्यावर फेर्जो मला म्हणाला, “बाई, खाली चला.” तळघरात कोपऱ्यात देझिरेचं यंत्र चालू होतं. बावीस वर्षं. त्याच्या कानावर राखाडी लोकरीचा मोजा होता. फेर्जो म्हणाला, “याच्याएवढा तिखट कान असलेलं माणूस मी पाहिलं नाही. फक्त घंटेला घाबरतं. म्हणून सणाला बायकोचा मोजा घालतो.” त्या दिवशी सण नव्हता. पण अंत्यविधीच्याही घंटा वाजतात, ते त्याने हिशेबात धरलं होतं. संघाला मिळालेली तिन्ही पदकं या यंत्राच्या जिवावरची आहेत, हेही त्याने सांगितलं. मी विचारलं, मग देझिरेला कधी का कळवलं नाही? तो म्हणाला, “कळवलं असतं तर तो येऊन दुरुस्त करत बसला असता.”

मी तळघरात खूप हसले. बाहेर सगळ्यांना वाटलं रडते आहे, त्यांनी मला आणखी वाइन दिली. घरी येऊन दहा तास झोपले.

जपून राहा. सूप परत गरम करून मागा, संकोच करू नका.

तुमची,
सोलांज

ता. क. खरं तर हे पत्र एका कामासाठीही आहे. जानेवारीपासून यंत्र अधूनमधून अडखळतं आणि फेर्जोला त्यातल्या तारा कळत नाहीत. सगळं त्या तपकिरी वहीत आहे, जी देझिरे त्या सप्टेंबरात तुमच्याकडे ठेवून आला आणि जिच्या मागच्या पानांवर तुम्ही मुरंब्याच्या कृती लिहिता. ती रजिस्टर टपालाने फेर्जोला पाठवाल का?

दुसरा ता. क. पाठवण्याआधी एक पान कापून टाका. देझिरे सण विसरला नव्हता. ब्रसेल्सला निघताना त्याने मला सांगितलं होतं, की मिरवणुकीआधी खाली जाऊन यंत्राचा खटका बंद कर. त्या सकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात टार्टची पोळी लाटत होते. तुम्ही म्हणालात जाड झाली, परत लाट. मी परत लाटली. घंटा सुरू झाल्या तरी मी लाटतच होते. जेवणानंतर जाऊन खटका बंद केला, पण नळ उघडाच राहिलाय ते पाहिलं नाही. हे मी कोणालाच सांगितलं नाही, आणि देझिरेनेही नाही, मला एका शब्दाने बोलला नाही. पण तो सगळं लिहून ठेवायचा. पंधरा ऑगस्टच्या पानावर माझं नाव असणार. मी ते पान पाहिलेलं नाही. फेर्जोने ते वाचू नये.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता सुचलं. वही बावीस वर्षं तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही तर साबणाचं वेष्टनसुद्धा पूर्ण वाचल्याशिवाय टाकत नाही. मुरंबा यायला लागला तो त्याच हिवाळ्यापासून, आणि बरणीवर नाव दरवर्षी माझं असतं, देझिरेचं नाही. मला वाटायचं, त्याच्यावर रागावलात म्हणून.

पान राहू द्या. वही आहे तशी पाठवा.