पत्त्यांच्या वहीतलं एक नाव

पौष व. ४, शके १८५४

नाही हो तात्या, मेलेल्या माणसांना आंबे विकत नाही आम्ही. इतकंच म्हटलं. पण तात्या पोस्टमन ऐकतोय कुठला! मी पडवीत पत्त्यांची नवी वही आखत होत्ये, तर उभ्याउभ्या म्हणतो, "काकी, ते एक पाकीट यंदा नको. दर साल मुंबईहून परत येतं, वर 'मयत' लिहून."

म्हटलं, "आलं तर माझ्या हातात द्या, भावजींच्या नको. पाय दुखत असतील, बसा, चहा टाकत्ये."

बसला. पाय कसले दुखतायत, चहा हवा होता मेल्याला.

पौष व. ६

भावजींचं फर्मान. गेल्या साली आंब्याची दरपत्रकं गठ्ठाभर परत आली. कुणी जागा सोडलीन, कुणी नोकरी, कुणी जग. यंदाही तेवढीच आली तर वही नाना कारकुनाकडे. "त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, वहिनी."

अक्षर काय चाटायचंय? नानाला स्वतःच्या सासऱ्याचा पत्ता सांगता यायचा नाही.

नऊ वर्षं वही माझ्याकडे. या घरात भांडीकुंडी जावेची, बाग भावजींची. वही तेवढी माझी. नाही द्यायची.

माघ शु. ७

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. मला बोलावणं नसतंच. पण बायका घरी परततात त्या आमच्याच पडवीवरून! वही मांडीवर घेतली, वाटीत फुटाणे, एकेकीला बसवली.

"सरू, नवरा गिरगावातच ना गो?"

"तुम्हाला कशाला हवा तो, काकी?"

"पळवून नाही नेत. दरपत्रक धाडायचंय."

लाजली. परळला गेलाय म्हणे, मावसभावाच्या खोलीत. पोस्टाला ठाऊक नाही, भावजींना नाही, सरूला मात्र खोलीचा नंबर पाठ. यमूने नवऱ्याचे दोन पत्ते सांगितलेन. एक घरी कळवलेला, एक खरा. तोंड फिरवून सांगितलेन. मी चेष्टा केली नाही. खरा लिहून घेतला, फुटाणे दिले.

अठ्ठावीस पत्ते बदलले. पाच नावं खोडली.

माघ शु. १०

भावजी वही तपासायला बसले. बोट फिरत फिरत 'ग'च्या पानाशी आलं. म्हटलं, "भावजी, बागेत गुरं शिरली वाटतं." सोगा सावरत धावले. देवा, क्षमा कर. पण धावताना फार गोड दिसतात.

परत आले ते 'च'पासून पुढे.

माघ व. १

पाकिटं पोस्टात. आता वाट बघणं.

फाल्गुन शु. ५

सातच परत! तात्या म्हणतो, काकी, झोळी हलकी केलीत. भावजी हसले, "वही तुमचीच, वहिनी." खीर केली.

पण 'ते' पाकीट त्या सातांत नाही. तात्याला दोनदा विचारलं. नाहीच म्हणतो. गेलं कुठे?

चैत्र शु. ३, शके १८५५

मागणीचं कार्ड आलं. भावजी वाचता वाचता ओटीवरच बसले.

"वहिनी... दादाने पेटी मागवलीन."

दादा म्हणजे हे. जाऊन दहा वर्षं झाली. नाव यांचं, चाळ यांची, खोलीही तीच. कार्ड हातात घेतलं तर अक्षर परकं.

भावजींनीच उलगडा केला. खोलीत नवा भाडेकरू आला असेल. दरपत्रक त्याला मिळालं. पाकिटावरचं गिऱ्हाईक याच नावाचं, म्हणून त्यानेही त्याच नावाने मागवलंन. मग माझ्याकडे बघत राहिले.

"दादाचं नाव वहीत कसं?"

"चुकून राहिलं."

"दर साली नवी वही तुम्हीच उतरता ना?"

मी पेंढा आणायला उठले.

चैत्र व. २

पेटी बोटीवर गेली. फळ मी निवडलं, पेंढ्यात मी रचलं. भावजी शेजारी उभे. "दादाला देठाशी हिरवा राहिलेला आवडायचा," म्हणाले, नि उपरण्याने डोळे पुसले. मग जाताजाता, "उद्या वही घेऊन या, वहिनी." नाव खोडायला की नानाला द्यायला, बोलले नाहीत.

चुकून नाही राहिलं. मुद्दाम लिहित्ये. तोंडाने यांचं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात तेवढं. वहीत 'ग'च्या पानावर नऊदा लिहिलं. मुंबईला असताना यांचं कार्ड यायचं ते भावजींच्या नावे, शेवटी दोन शब्द, "घरात सांगावे". घरात म्हणजे मला. मला वाचता येतं हे ठाऊक असून एक ओळ लिहिली नाही कधी. तो राग. म्हणून गेल्यावर मीच धाडत राहिले, दर साल, खोली नंबरासकट. त्या दिवशी कार्डावर नाव दिसलं आणि अक्षर ओळखायच्या आधी मनात आलं, सुचलं एकदाचं लिहायला!

भावजी ते कार्ड दोन दिवस शोधतायत. माझ्या ट्रंकेत आहे.