निष्क्रिय प्रेक्षक

३ जुलै, सोमवार
विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रमोशनची फाईल पुढे सरकवायची तर या वर्षात एक तरी पेपर हवा, म्हणाले. मी म्हणालो, विषय डोक्यात तयार आहे. नव्हता. पण जिना उतरेपर्यंत झाला. दडपण आलं की माझी बुद्धी विशेष चालते.
विषय: 'टीव्ही मालिका आणि ज्येष्ठ महिलांचं निष्क्रिय प्रेक्षकत्व'. म्हणजे पडद्यावर जे दाखवाल ते या बायका माना डोलवत बघतात, स्वतःचं डोकं चालवत नाहीत. निष्कर्ष ठरला आहे. आता फक्त संशोधन बाकी.

४ जुलै
सॅम्पल घरातच मिळालं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. रोज संध्याकाळी त्यांच्या दोन मैत्रिणी मालिका बघायला आमच्या हॉलमध्ये येतात. एक शेजारच्या रिटायर्ड नर्सबाई, दुसऱ्या कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकू. इतकी वर्षं मी वैतागून आत जाऊन बसायचो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.
सासूबाईंची रीतसर परवानगी मागितली. म्हणाल्या, बसा की जावईबापू, घर तुमचंच आहे, फक्त मध्ये मध्ये बोलू नका.
मदतीला एम.ए.ची एक विद्यार्थिनी दिली आहे. हुशार वाटत नाही. फार प्रश्न विचारते.

७ जुलै
पहिलं निरीक्षण. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात वही, चेहरा कोरा. संशोधकाने भिंतीसारखं असावं.
मालिकेत एक विधवा आई आहे. थोरला मुलगा गोड गोड बोलून तिचा बंगला स्वतःच्या नावावर करून मागतोय. अभिनय सुमार, पार्श्वसंगीत कर्कश. असलं कोण बघतं, देव जाणे.
बायका मटार सोलत होत्या आणि तोंडाला खळ नव्हता. नर्सबाईंच्या मुलाचा फोन आला होता म्हणे, त्यालाही त्यांचं घर नावावर करून हवंय. या बडबडीत मालिकेतले दोन महत्त्वाचे संवाद बुडाले. वहीत नोंद: 'व्यत्यय'.
विद्यार्थिनी टीव्हीकडे पाठ करून त्यांच्यातच बसली आणि मटार सोलायला लागली. निरीक्षण कशाचं करायचं हेच तिला कळलेलं नाही. उद्या समजावतो.

१० जुलै
समजावलं. ती म्हणाली, हो सर. आज पुन्हा तिथेच बसली.
खुर्ची थोडी पुढे घेतली. कोपऱ्यातून बघितलं की पडद्यावर ट्यूबलाइट चमकते. कारण पूर्णपणे तांत्रिक.

१५ जुलै, शनिवार
आज पेपरची प्रस्तावना लिहून हातावेगळी करणार होतो. पण मागचे भाग बघितल्याशिवाय संदर्भ लागत नाही. लॅपटॉपवर बघितले. दिवस गेला.
बायको औषधांच्या दुकानातली नोकरी करून थकून आली. बाथरूमचा नळ बघायला प्लंबरला फोन केला का, असं विचारलं. मी म्हणालो, पूर्वसाहित्याचा आढावा चालू आहे. ती म्हणाली, बरं. हल्ली हे 'बरं' फार सपाट येतं. मालिकांचा परिणाम असावा.

२१ जुलै
थोरल्याने आज आईच्या गुडघ्यांना तेल चोळलं. म्हणजे आता सही मागणार. मी हे परवाच ओळखलं होतं.
नर्सबाईंचं पुराण चालूच. मुलगा म्हणतो, आई, एकटी कशाला राहतेस, घर माझ्या नावावर कर, विकून टाकू, तू आमच्याकडे ये. उभा जन्म रात्रपाळ्या करून बांधलेलं घर आहे हो, असं त्या म्हणत होत्या. सासूबाईंनी विचारलं, त्याच्याकडे तुझी खोली कुठली ते विचारलंस का? शिवणवाल्या काकू म्हणाल्या, हॉलमधला सोफा, आणि पाहुणे आले की तोही नाही. मग सगळ्या गप्प झाल्या. मला तेवढंच हवं होतं.

२८ जुलै
आज हद्द झाली. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. नर्सबाईंना मुलासमोर 'नाही' म्हणता येत नाही, जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून त्यांची तालीम घ्यायची होती. सासूबाई मुलगा झाल्या. आई, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना, असं लाडात येऊन म्हणाल्या. नर्सबाई लगेच म्हणाल्या, बरं बाबा, तू म्हणशील तसं. शिवणवाल्या काकूंनी कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून घ्यायला लावलं.
बायकोही दारात उभी राहून शिकवत होती. आधी 'नाही' म्हणायचं, कारण द्यायचंच नाही, कारण दिलं की ते खोडून काढतात, असं म्हणाली. हे तिला कुठून सुचतं, कळत नाही. विद्यार्थिनी भराभरा लिहून घेत होती. काय, ते तिलाच ठाऊक.
मी ओठ वाचून संवाद टिपले. 'आई' आणि 'पेन' एवढे दोन शब्द नक्की.

४ ऑगस्ट
संकल्प: उद्यापासून पडद्याकडे बघायचं नाही. फक्त प्रेक्षक.

५ ऑगस्ट
आज अपवाद. मालिकेतली धाकटी मुलगी परदेशातून आली आणि ती वकील निघाली. असं रोज घडत नाही. सोमवारपासून नक्की.

११ ऑगस्ट, शुक्रवार
आजचा दिवस संशोधक म्हणून माझ्या आयुष्यात महत्त्वाचा.
नर्सबाई घरी सापडल्या नाहीत म्हणून त्यांचा मुलगा त्यांना शोधत आमच्याकडे आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. उभा राहिला तो नेमका टीव्हीसमोर. तिकडे पडद्यावर आईच्या हातात पेन. मी अतिशय सभ्यपणे म्हणालो, जरा डावीकडे सरका. तो सरकला नाही. मग मीच खुर्ची त्याच्या पुढे सरकवली.
मागे काहीतरी बोलणं चाललं होतं. नर्सबाई एक शब्द बोलल्या. तो बरंच काही बोलला. नर्सबाई पुन्हा तोच एक शब्द बोलल्या. तो का, का म्हणून विचारत राहिला. त्या काही बोलेनात. सासूबाई म्हणाल्या, उभ्याउभ्या नका बोलू, चहा घेऊन जा. तो चहा न घेताच गेला. दार जोरात लागलं, त्यात पार्श्वसंगीतही बुडालं.
इकडे पडद्यावर आईने सही केली. माझा ऊर भरून आला. बाई गं, काय करून बसलीस.
मागे वळून बघतो तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. शिवणवाल्या काकू रडता रडता हसत होत्या. नर्सबाईंचे हात सासूबाईंनी घट्ट धरले होते. माझी बायको, विद्यार्थिनी, त्याही डोळे पुसत होत्या. गृहीतक सिद्ध झालं. एका सुमार मालिकेतल्या खोट्या सहीने पाच धडधाकट बायकांना रडवलं. वहीत लिहिलं: 'प्रभाव: कमाल'.
एकीचंही तोंड पडद्याकडे नव्हतं, याचं स्पष्टीकरण मात्र द्यावं लागेल. नुसत्या ऐकण्यानेही परिणाम होत असावा.

२२ ऑगस्ट
पेपर पूर्ण. शैली ओघवती झाली आहे. धाकट्या मुलीच्या पुनरागमनाचा भाग तर विशेष उतरला आहे. विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. विद्यार्थिनीनेही तिचा काही मजकूर ठेवला. माझं वाचायचं राहून गेलं. गुरूने शिष्यावर विश्वास टाकावा.

२९ ऑगस्ट
विभागप्रमुखांनी बोलावलं. पेपर वाचला म्हणाले. मालिकेची गोष्ट इतकी नीट सांगितलेली त्यांनी कुठेच वाचली नव्हती. फक्त यात बायका कुठे आहेत, असं विचारलं. मी म्हणालो, तळटीपेत.
विद्यापीठाच्या परिसंवादात विद्यार्थिनीचा पेपर वाचायचं ठरलंय. विषय: 'आवाज बंद केल्यावर: मालिकेभोवती बसलेल्या बायकांची मसलत'. नर्सबाईंनी घर द्यायला नकार दिला, तो कसा घडत गेला, याबद्दल आहे म्हणे. नर्सबाईंनी नकार दिला हे मला विभागप्रमुखांकडून कळलं. कधी दिला कोण जाणे.
माझी फाईल तूर्त आहे तिथेच.
मी उठलो तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, ती वकील मुलगी सही रद्द करून घेते का, त्यांचे दोन भाग बघायचे राहिलेत. मी सविस्तर सांगितलं. माझ्या अभ्यासाची कदर आहे या विभागात.

३१ ऑगस्ट
विद्यार्थिनीचा पेपर चाळला. भाषा कच्ची. एक वाक्य आहे: 'या गटात मालिका मन लावून बघणारा प्रेक्षक एकच आढळला.' कोण, ते दिलेलं नाही. मला शिवणवाल्या काकूंचा संशय आहे.

६ सप्टेंबर
बैठक आता नर्सबाईंच्या घरी भरते. त्यांच्याकडे टीव्ही नाही. मी सासूबाईंना म्हणालो, मग तिथे जाऊन बघता काय? त्या म्हणाल्या, एकमेकींकडे. विद्यार्थिनीही जाते. नव्या पेपरचं काम चालू आहे. हल्ली बायकोही दुकानातून परस्पर तिकडेच जाते.
मला बोलावणं नाही. हॉलमध्ये शांतता आहे. संवाद स्वच्छ ऐकू येतात.

१५ सप्टेंबर
आज कोर्टाचा निकाल लागायचा होता, मालिकेतला. बायको तिकडे जायच्या आधी हॉलमध्ये आली. माझ्या खुर्चीशेजारी थोडा वेळ उभी राहिली. मग काहीतरी सांगितलं. लांबलचक नव्हतं. 'मी ठरवलंय' एवढं ऐकू आलं. मी म्हणालो, ब्रेकमध्ये सांग.
ब्रेक लागला तेव्हा ती गेलेली होती.
निकाल पुढे ढकलला.
मग जरा चुकचुकल्यासारखं झालं, म्हणून विद्यार्थिनीला फोन केला. तिला विचारलं, आमची बायको तिथे काही बोलली का, काय ठरवलंय म्हणाली. मागे पाचसहा जणींचा आवाज येत होता, त्यात बायकोचंही हसणं होतं. किती दिवसांनी ऐकलं. विद्यार्थिनी म्हणाली, हो सर, पहिल्यापासून सगळं रेकॉर्ड केलंय. पण ते गोपनीय आहे. त्यांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही.
पद्धत तिची बरोबर आहे.